समुद्रफुलाला पाणी

नणंद न्हाणीत शिरली, आतून कडी लागली, तेव्हा तुळजाबाईंनी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यातून मटारची पिशवी काढली. पिशवीत वर मटार होते आणि खाली कोळंबी. नणंदेच्या, दुर्गाबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. या घरात कोळंबी आहे हे कळतं तर त्यांनी इथला चहासुद्धा सोडला असता. म्हणून त्या आल्यापासून टाकीतल्या समुद्रफुलाचं जेवण असं चोरून चाललं होतं.

आज फुलाने घास घेतला नाही. बांबूच्या काडीला टोचलेला तुकडा तुळजाबाईंनी त्याच्या बोटांशी नेला. एरवी ती बोटं लगेच चिकटायची आणि घास आत ओढून घ्यायची. आज तुकडा घरंगळून वाळूत पडला. फूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं आणि मधलं तोंड सैल उघडं पडलं होतं. दोन्ही नारंगी मासे मात्र मजेत होते. एकाने वाळूतला तुकडा पळवला.

भोकरदनमध्ये समुद्र आणणारा पहिला आणि बहुधा शेवटचा माणूस म्हणजे तुळजाबाईंचा नवरा राधेश्याम. एसटीत ड्रायव्हर होता. बायकोला समुद्र दाखवतो, असं तो नोकरीभर म्हणत राहिला आणि दर सुट्टीत कुणाचं तरी लग्न निघत राहिलं. निवृत्त झाला तोवर तुळजाबाईंचे गुडघे गेले होते. मग हा बाबा संभाजीनगरच्या दुकानातून काचेची टाकी, समुद्री मिठाच्या पिशव्या, दोन मासे आणि हे फूल घेऊन घरी आला. ते फूल नव्हे, जनावर आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला समजावून सांगायचा. गल्लीने त्याला दर्यासारंग म्हणायला सुरुवात केली, तर ते त्याला आवडलंच. तुळजाबाई मात्र बरेच दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. शिलाई मशीनची उजेडाची जागा टाकीने बळकावली होती.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. पंप, दिवा, मीठ मोजायचं यंत्र, सगळं मागे राहिलं. टाकी विकून टाकू असं ठरवून तुळजाबाईंनी ती आजची उद्यावर नेली, आणि तेवढ्यात त्या शिकून गेल्या. जारच्या पाण्यात मीठ कसं कालवायचं, वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी काय चालवायचं, उन्हाळ्यात पाण्यावर पंखा कसा धरायचा. पंख्याने पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून वरून भर घालायची ती जारच्या बिनमिठाच्या पाण्याची. कुठवर, ते कळावं म्हणून राधेश्यामने बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकली काचेला लावून ठेवली होती. ती अजून तिथेच होती. ब्लाउज शिवता शिवता मान वर केली की उमललेलं फूल दिसायचं, आणि घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. ते जगलं पाहिजे, एवढंच आता तुळजाबाईंना वाटत होतं.

त्यांनी दुकानदाराला फोन लावला. कल्याण नावाचा हा माणूस बोलायला फटकळ, पण राधेश्यामच्या मागे त्याने कधी फोन टाळला नव्हता. मासे कसे आहेत, त्याने विचारलं. बरे आहेत म्हटल्यावर म्हणाला,

"मंग पाण्यात तांबं गेलं असंल, काकू. नाणं, वायर, काहीबी. माशाला थोडं चालून जातं, फुलाला बिलकुल चालत न्हाई. जल्दी पाणी बदला."

तुळजाबाईंनी वाळू चाचपली, वायरी पाहिल्या. काहीच सापडलं नाही. पाणी बदलायचं तर जास्तीचे जार लागणार होते. त्या कोपऱ्यावर जारच्या गाडीची वाट पाहायला गेल्या. रोज त्या तिथे शेजारणींशी बोलत बराच वेळ उभ्या राहत. आज गाडी येणारच नाही असं कळलं, तशा त्या लगेच परत फिरल्या.

दारातूनच त्यांना दुर्गाबाई दिसल्या. केस ओले, पदर डोक्यावर. देवापाशी ठेवलेला तांब्याचा हंडा चिंचेने घासून लखलखीत केलेला होता. त्यातलं रात्रभर ठेवलेलं पाणी त्या तांब्याने टाकीत ओतत होत्या, बारीक धारेने, तोंडाने काही पुटपुटत. पाणी टिकलीला टेकलं तशा थांबल्या.

नणंद आल्यापासून पाणी टिकलीखाली गेलंच नव्हतं, हे तुळजाबाईंना तेव्हा आठवलं.

भावजयीला पाहून दुर्गाबाई दचकल्या नाहीत. उलट त्यांच्या आवाजात थोडी तक्रार होती. "तू त्याला इकतचं पाणी पाजून राह्यली, तुळजा. आखितीला मेल्या माणसाच्या नावानं पाणी देतेत, ते तांब्यातलंच पाह्यजे. म्या आले तवापसून रोज देऊन राह्यले." मग टाकीकडे पाहत हळू म्हणाल्या, "त्या टायमाला म्या पोचलेच न्हाई ना."

ते खरं होतं. राधेश्यामला कडेवर घेऊन वाढवलेली ही बहीण. कुंभार पिंपळगावहून निघाली, वाटेत गाडी बंद पडली, आणि ती उतरली तेव्हा सरण पेटलेलं होतं. त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा राहिला, तो राहिलाच. तो गेल्यानंतरची ही पहिली अक्षय्य तृतीया, म्हणून ती आली होती.

तुळजाबाईंना भयंकर राग आला. हाताला लागेल ते फेकावं इतका. पण ती धार त्यांनी पाहिली होती. तेच पाणी बाधलं असं या बाईला सांगितलं, तर ती पुन्हा कुणाला पाणी द्यायला धजणार नाही, एवढं त्यांना कळत होतं.

"पोचलं, आक्का," त्या म्हणाल्या. "आता हा हंडा तुम्ही घिऊन जा. तुमच्या आईचा हाये. पाणी तिथंच द्या तुळशीला, तिथूनबी पोचतं."

दुर्गाबाई बघतच राहिल्या. आईच्या माघारी त्या हंड्यावर त्यांचा जीव होता आणि माहेरात मागायचं नाही म्हणून त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. भावाच्या दहाव्याला त्या रडल्या नव्हत्या. भावजयीने मान ठेवला, असं त्या दिवसभर येईल त्याला सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जालन्याच्या बसमध्ये बसल्या, हंडा लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलेला. गाडी हलताना म्हणाल्या, "फूल आज बी मिटेलच हाये गं."

"उन्हाळा हाये, आक्का. उमलंल."

आदल्या दिवसापासून तुळजाबाईंनी दुप्पट दराने जार आणून पाणी बदललं होतं, तांबं शोषून घ्यायला कोळशाची पुरचुंडी टाकली होती. नंतरही त्या बदलत राहिल्या. फुलाने एकदा दोन-तीन बोटं पसरली, तेव्हा त्यांनी कल्याणला मुद्दाम फोन करून सांगितलं. मग एके दिवशी फुलाने धरून बसलेला दगड सोडला. कल्याण म्हणाला, आता बाहेर काढा, नाहीतर पाणी नासेल, मासेही जातील. तुळजाबाईंनी बाही वर सारून हात पाण्यात घातला. इतक्या दिवसांत त्याला असा हात त्यांनी कधी लावला नव्हता. ते बोटांना चिकटलं नाही. परसात खड्डा करून त्यांनी ते पुरलं आणि तिथेच बसून रडल्या.

संध्याकाळी दुर्गाबाईंचा फोन आला. तुळशीला पाणी दिल्याचं त्यांनी सांगितलं, हंडा साऱ्या गल्लीने पाहिल्याचं सांगितलं. मग विचारलं, "राध्याचं फूल उमललं का?"

तुळजाबाईंनी टाकीकडे पाहिलं. फूल जिथे बसायचं त्या रिकाम्या दगडाला मासे अंग घासत होते.

"उमललं, आक्का," त्या म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर त्या उठल्या. दिवसभरात पाणी टिकलीच्या खाली गेलं होतं. त्यांनी जारचं झाकण काढलं.