साळिंदराचा आवाज

“हसवायला जाऊ नकोस. तू फक्त अडखळ. हसायचं काम लोक करतील.”

डबिंगच्या खोलीत काचेपलीकडून आलेलं, आवाज बसवून घेणाऱ्या सरांचं हे वाक्य तिला नेमकं आता आठवलं. थिएटरमधले दिवे मंदावत होते. खुर्चीच्या हातावर टेकलेला हात तिने उचलून मांडीवर घेतला.

शेजारी तिचा दादा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्याशी बटण लावलेलं. दुपारच्या खेळाला नव्हे, बक्षीस समारंभाला आल्यासारखा.

“तुझं म्म्... नाव कधी दिसेल?” त्याने विचारलं.

“अगदी शेवटी. बारीक अक्षरांत. तोवर लोक उठून जातात.”

“आपण नाही उठायचं.”

काही शब्दांपाशी तो लहानपणापासून असा अडायचा. ओठ मिटायचा, घशातून एक बारीक हुंकार निघायचा, कुणी चव घेऊन बघावी तसा, आणि मग अडलेला शब्द सबंध, स्वच्छ बाहेर यायचा. घरात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. बाहेर मात्र तो बोलणंच टाळे. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासायचं काम त्याने धरलं ते त्यामुळेच. काच उलट काही विचारत नाही, असं तो म्हणायचा.

पडद्यावर चंद्र उगवला. चंद्रामागच्या गावात वाट चुकलेल्या भावंडांची ती गोष्ट त्या दोघांनी लहानपणी एकाच पुस्तकात डोकं घालून वाचली होती. त्यांनीच काय, सगळ्यांनीच वाचली होती. पुढच्या रांगेतल्या आजीबाईंनी तर नातवंडांसाठी जाहीर समालोचनच सुरू केलं होतं.

“आता बघ हं, झाडं बोलतील... अगं बाई, यांनी झाडांना कपडे घातलेत!”

“आई, हळू,” त्यांचा मुलगा म्हणाला.

“हळू काय? पुस्तकात झाडं अशी नटलेली नव्हती.”

लोक हसले. तीही हसली. मग गावाच्या वेशीवरचा दरवाजा दिसू लागला आणि ती खुर्चीत सावरून बसली. दरवाज्याशी राखणदार साळिंदर उभं होतं. पुस्तकात त्याच्याबद्दल एवढंच होतं की ते थांबून थांबून बोलायचं, कारण बोलायला कुणी नसल्याने त्याला घाई नव्हती. सिनेमावाल्यांनी त्या एका ओळीचं बोलण्यातलं व्यंग केलं होतं. आजवर गर्दीतल्या बायका, रडणारी बाळं, दुकानदारीण असलं काहीबाही आवाज दिलेल्या तिला पहिल्यांदाच एवढं मोठं काम मिळालं होतं.

रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी तिने सिनेमात ऐकलेलं तोतरेपण करून पाहिलं होतं. सरांनी काचेपलीकडून मान हलवली. “खोटं वाटतंय. प्रत्यक्षात कुणाला ऐकलंयस असं बोलताना?”

“नाही,” ती म्हणाली होती.

मग तिने डोळे मिटले, ओठ मिटले, आणि घशातून तो हुंकार काढला. सर खुर्चीतून उठलेच.

“कुठून आणलंस हे?”

“सुचलं.”

“कोण म्म्... आहे तिकडे?” साळिंदर आता पडद्यावर म्हणालं.

अख्खं थिएटर हशाने फुटलं. मागच्या रांगेतल्या पोरांनी लगेच उचललं, म्म्, म्म्, इकडून तिकडे. आजीबाई पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “मेलं कसलं गोड आहे!” साळिंदराने पुन्हा तोंड उघडलं आणि शब्द यायच्या आत, नुसत्या हुंकारावरच लोक हसले. सर बरोबर होते.

दादा हसत नव्हता. दुखावल्यासारखाही दिसत नव्हता. किंचित पुढे झुकून तो ऐकत होता, ओळखीची पावलं जिन्यावर वाजावीत आणि माणसाने कान द्यावा तसा. ती समोर बघत राहिली. मध्यंतरात तिने त्याला काही खायला हवंय का विचारलं, तेही त्याच्या शर्टाच्या बटणाकडे बघत. त्याने मानेनेच नको म्हटलं.

उत्तरार्धात काय येणार ते तिला ठाऊक होतं. तरी ते आलं तेव्हा तिने पायांची बोटं आवळून धरली. भावंडांनी चंद्राचं पाणी ओंजळीतून साळिंदराला पाजलं. त्याचे काटे चंदेरी झाले. त्याने तोंड उघडलं, आणि एक लांबलचक वाक्य कुठेही न अडता, झुळझुळत बाहेर आलं. ते वाक्य तिने एका दमात म्हटलं होतं. त्या दिवशी सरांनी सगळ्यांना पेढे वाटले होते.

थिएटरमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी शिट्टी मारली.

“सुटलं गं बाई बिचारं,” आजीबाई म्हणाल्या.

तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं. दादाही टाळ्या वाजवत होता. सावकाश, तळव्यावर तळवा नीट बसवून, सगळे वाजवतायत म्हणून वाजवाव्यात तशा.

बारीक अक्षरांत तिचं नाव आलं तेव्हा झाडूवाला रांगांमधून फिरू लागला होता. दादाने ते बोटाने दाखवलं. “दिसलं,” तो म्हणाला.

बाहेरच्या दालनात पोरं एकमेकांना ढकलत हुंकारत होती. तेवढ्यात गर्दीतून पुढचे दात पडलेली एक मुलगी धावत आली आणि दादाच्या शर्टाला लोंबकळली. ही ग्रंथालयातली. रविवारी सकाळी तिथल्या मुलांच्या खोलीत दादा मोठ्याने वाचून दाखवायचा. ग्रंथालयाच्या बाईंनी फार मागे लागून त्याला तयार केलं होतं. घराबाहेर तो भरभरून बोलायचा ती तेवढी एकच जागा. तो अडला की मुलं चित्र बघत थांबायची. कुणी कधी हसलं नव्हतं. हसायचं असतं हे त्यांना माहीतच नव्हतं. या मुलीचं नाव त्याने प्रश्नपेटी ठेवलं होतं, आणि तिच्या गमती तो घरी येऊन सांगायचा.

“काका! साळिंदर अगदी तुमच्यासारखं बोलत होतं!”

“हो?”

“आणि मग ते बरं झालं. तुम्ही कधी बरे होणार?”

“अगं ए!” मुलीची आई लालबुंद झाली. “माफ करा हं. हिला ना, काही पोच नाही.”

“असू दे.” दादा गुडघ्यांवर वाकला. “पुस्तकात ते बरं म्म्... होत नाही.”

“का?”

“आजारीच नसतं ते.”

प्रश्नपेटीने त्याचा शर्ट सोडला. “मग शेवटी काय होतं त्याचं?”

“उद्या शेवटचं प्रकरण आहे. ये.”

“तुम्ही नक्की येणार?”

“येतो म्हणजे येतो.”

त्या मायलेकी गेल्या तरी तिला आपल्या चेहऱ्याचं काय करावं ते समजेना. लोकांच्या रेट्यात ती दादाच्या मागे मागे बाहेर पडली. एका पोरसवदा जोडप्यातली मुलगी त्यांच्या पुढे चालत मित्राला साळिंदर करून दाखवत होती. चांगलं जमलं होतं तिला. दादाने चाल मंद केली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

घरी आल्यावर तिने दोघांसाठी चहा टाकला. चहा उकळून वर आला, खाली बसला, पुन्हा वर आला. ती गॅसकडे बघत उभी होती.

“दादा,” ती पाठ न वळवता म्हणाली, “तो आवाज...”

“माहीत आहे.”

तिने गॅस बंद केला.

“न्हाणीघरात नळ सोडून सराव करायचीस. आपली भिंत पातळ आहे.” तो टेबलाशी बसून चष्मा पुसत होता. “पाणी फार वाया घालवलंस.”

“तेव्हाच का नाही बोललास?”

“कशाला बोलायचं? म्म्... बरं वाटलं होतं मला.” त्याने काच उजेडाकडे धरून पाहिली. “आपलं साळिंदर. आणि ते माझ्यासारखं बोलणार. दुकानात सांगितलंसुद्धा मी. मालकांना.”

ती कपाची कड अंगठ्याने चोळत राहिली. तिथे काही डाग नव्हता.

“मला वाटलं,” तो म्हणाला, “शेवटपर्यंत तसंच ठेवशील.”

सिनेमा काही तिने लिहिला नव्हता. ते वाक्य तसंच होतं, सरांनी दिलेलं. हे सगळं तिच्या ओठांवर आलं. पण एका दमात ते म्हणताना आपल्याला किती मोकळं वाटलं होतं, हेही तिला त्याच वेळी आठवलं, आणि तिने चहा गाळायला घेतला.

चहा पिऊन झाल्यावर त्याने कपाटातून पुस्तक काढलं आणि शेवटची पानं समोर उघडून बसला. पान मात्र बराच वेळ उलटलं नाही. तिला दिसत होतं तो काय वाचतोय ते. उद्या त्या खोलीत मुलं असतील, आणि सगळी हा सिनेमा पाहून आलेली असतील. आता त्यांना हसायचं कुठे ते कळलं होतं.

“उद्या मी जाऊ का तुझ्याऐवजी?” तिच्या तोंडून निघून गेलं. “वाचते मी. मुलांना आवडेल.”

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. नवी काच लावल्यावर गिऱ्हाईक बघतं तसं, नीट.

“कुठला आवाज काढशील?”

तिने टेबलावरचे कप उचलले. त्याने पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

सकाळी ती उठून बाहेर आली तेव्हा तो दाढी करून तयार होता. कालचाच शर्ट, पण गळ्याशी बटण न लावता. पुस्तक कापडी पिशवीत घातलेलं. त्याने पाणी प्यायलं, पेला उपडा घातला, खिशात रुमाल आहे ना ते चाचपून पाहिलं. आज तो जरा जास्तच वेळ चाचपतोय असं तिला वाटलं. चपला घालताना त्याने एक हात भिंतीला टेकवला, आणि चपला पायात गेल्यावरही तो हात काही वेळ तिथेच होता.

“दादा, आजच्या दिवस राहू दे,” ती म्हणाली. “बाईंना फोन करून सांगते मी. ताप आलाय म्हणून.”

“आजारी नाही मी.”

तिने मान खाली घातली.

“ती पोरगी म्म्... वाट बघत बसेल,” तो म्हणाला. पिशवी खांद्याला लावली, दार हळूच ओढून घेतलं, आणि जिना उतरू लागला.