सकवारबाईंच्या हातची गोळी

चंपाचं लग्न उमाकांतशी ठरलं, त्यात तिच्या आईचा, कस्तुराबाईंचा, नफाच नफा होता. पोरगा विमानाच्या कारखान्यात कायम, घर मल्लेश्वरमला, आणि सासू सकवारबाई अशी, की होणाऱ्या सुनेला नुसती चक्कर आली तरी शहाळं घेऊन दारात हजर. या नफ्याआड एकच गोष्ट येत होती. कस्तुराबाईंची बहीण ऐन विशीत अंगणात पळता पळता पडली ती उठलीच नाही. त्याआधी त्यांची आत्याही तशीच गेलेली. बेंगळूरच्या समाजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्नानंतर बघू, असा कस्तुराबाईंचा बेत.

चंपा पुन्हा चक्कर येऊन पडली तेव्हा डॉक्टर सुधींद्रांकडे सकवारबाई हट्टानं बरोबर आल्या.

"ठोके चुकतायत," डॉक्टर म्हणाले. "अक्का, घरात कुणी असं अचानक गेलंय?"

सकवारबाईंनी कान टवकारले.

"छे हो! आमच्याकडं म्हातारे मरायचं नाव घेत नाहीत," कस्तुराबाई हसल्या.

"सरी, ठीक आहे. मग या क्विनिडीनच्या गोळ्या. चुकवायच्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी चंपा म्हणाली, "आई, छातीत पाखरू अडकल्यागत फडफडतंय गं."

"औषध लागू पडतंय. स्वल्प ताक पी."

संध्याकाळी पोरगी चुलीपुढं कोसळली, काळीनिळी पडली, मग कशीबशी शुद्धीवर आली. तेव्हा कुठं कस्तुराबाईंचा बेत ढासळला. सकाळी सकवारबाईंना चंपाजवळ बसवून त्या एकट्याच दवाखान्यात गेल्या आणि सगळं ओकल्या.

डॉक्टर ताडकन उठले. "आधी सांगितलं असतंत तर ही गोळी दिलीच नसती! अशा घराण्यातल्या काळजावर ती उलटते. चला!"

घरात चंपाचं डोकं मांडीवर घेऊन सकवारबाई बसल्या होत्या. मांडीवरचं डोकं गार पडलं होतं.

"मी माझ्या हातानं, अगदी वेळेवर गोळी दिली हो," त्या रडत होत्या. "माझं काय चुकलं?"

डॉक्टरांनी कस्तुराबाईंकडं पाहिलं. चंपाच्या पाठची बहीण, लग्नाच्या वयाची शालन दारात उभी होती. कस्तुराबाईंनी डॉक्टरांपुढं हात जोडले आणि त्या म्हणाल्या, "तिचं नशीब, दुसरं काय!"

डॉक्टर बॅग उचलून निघून गेले.

चंपाचा जीव गेला. सकवारबाई त्यानंतर उमाकांतला ताप आला तरी गोळी द्यायला शेजारणीला हाक मारत. कस्तुराबाईंना शालनसाठी चांगलं स्थळ मिळालं. शालनला मात्र कुणी काही सांगितलं नाही.