टॅपलींचा गिडियन

रविवारी टॅपली घराण्याचा मेळावा आणि मूळपुरुषाच्या दगडाचं अनावरण. शुक्रवारीच व्हर्नाचं डोकं फिरलं होतं. बाथर्स्टजवळच्या या अननसांच्या मळ्यावर टॅपली इंग्लंडहून १८२० साली आले, हे घरातल्या पोरासोरांनाही पाठ. पण त्यांतला सहा वर्षांचा गिडियन पुढे कसा जगला, हे शोधायला तीन वर्षं झिजली ती एकटी व्हर्ना. मदत शून्य, सूचना मात्र ढीगभर. एका चुलतभावाला गिडियन उमरावाचा मुलगा हवा होता, दुसऱ्याला सिंह मारणारा.

बरं, गिडियन तरी सरळ असावा! चर्चमधल्या थडग्यावरचं वय खरं धरलं, तर स्वारी जहाज किनाऱ्याला लागल्यावर तीन वर्षांनी जन्मली होती. "पाथरवट ढ होता," असा निकाल देऊन व्हर्ना मोकळी झाली. नव्या दगडावर तिने ठणकावून कोरून घेतलं: सहाव्या वर्षी समुद्र ओलांडून आला.

"व्हर्ना, जरा इकडे ये गं!" मळा सांभाळणारा तिचा धाकटा भाऊ क्लाइव्ह ओरडला. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी तो घरामागचं निवडुंग तोडत होता.

"आता काय? अननसाची बिअर उतू गेली?"

"ये तर खरी."

निवडुंगाखाली पाटाएवढा दगड होता. व्हर्नाने बाहीने माती पुसली. गिडियन टॅपली, वय सात, १८२१.

"हे काय नवीन? मग आपला गिडियन कोण?"

"पाठचा असेल. गेलेल्या पोराचं नाव पुढच्याला ठेवायचे ना तेव्हा? तूच तर सांगत असतेस सगळ्यांना."

सांगत होती खरी. म्हणून तर जास्तच झोंबलं.

"म्हणजे आपला म्हातारा जहाजात बसलाच नाही! तीन वर्षं मी त्याला समुद्र ओलांडायला लावतेय, आणि हा जन्मला इथेच, घरात!"

"मग समुद्र ओलांडून आलं कोण?"

आली होती त्याची आई, केझाया. सहा वर्षांचं पोर घेऊन आली, वर्षभरात ते पुरलं, आणि पुढच्याला तेच नाव दिलं. तिच्याबद्दल व्हर्नाने एकही प्रश्न कुणाला विचारला नव्हता. तिला स्वतःचाच संताप आला. क्लाइव्ह चहा टाकायला गेला तरी ती तिथेच उकिडवी बसून राहिली.

"व्हर्नाऽऽ! चहा!"

मागच्या दारातून आलेली हाक लख्ख ऐकू आली. घर तेच, दारही तेच. याच दारात उभी राहून ती बाई रोज संध्याकाळी धाकट्याला हाका मारत असणार: गिडियन, घरी ये. आणि थोरला इथे, हाकेच्या अंतरावर.

"अगं, निवतोय!"

"पाथरवटाला फोन लाव," ती ओरडली. "दगडावर आईचं नाव हवं."

"रविवारपर्यंत? वेड लागलंय का तुला?"

"मग मेळावा पुढे ढकल!"