कोन शे मझार

तहरीमच्या टेबलावरच्या मशीनला एकही बटण जोडलेलं नव्हतं. घंटी नव्हती, पंखे नव्हते, हवा मोजणारी यंत्रं नव्हती. जळगावातल्या घरी, वरच्या खोलीत, मगननानांचा प्रोग्रॅम फक्त तपासणीसाठी चालत होता. दुपारी ती खालून चहा घेऊन आली, तेव्हा पडद्यावर एक ओळ उमटलेली होती. अक्षरं रोमन, भाषा मात्र इंग्रजी नव्हती.

कोन शे मझार? खोली ३.

तहरीमच्या घरात उर्दू बोलत आणि बाहेर मराठी. तरी खानदेशात वाढलेल्या माणसाला एवढी अहिराणी कळतेच. आत कोण आहे?

ती ओळ बघत असतानाच फोन वाजला. यावलहून भूषण बोलत होता.

"मॅडम, इकडं घंटी वाजतेय. पडद्यावर कायतरी आलंय."

"खोली तीन?"

"तुम्हाला कसं कळलं?"

भूषणची यावलजवळ केळी पिकवण्याची वखार होती. बंद खोल्यांमध्ये क्रेट रचायचे, ठरावीक गॅस सोडायचा, थंडावा सांभाळायचा आणि आत साठलेली वाईट हवा वेळच्या वेळी बाहेर काढायची. हे सगळं एक प्रोग्रॅम करी. तो भूषणच्या वडिलांनी, मगननानांनी लिहिला होता. नाना मूळचे सोनगीरचे. तरुणपणी सुरतच्या एका गिरणीत संगणकावर होते, पुढे केळीच्या धंद्यासाठी यावलला आले. ते वारले आणि काही वर्षांनी त्यांचं जुनं मशीनही बंद पडलं. तसलं मशीन आता कुठे मिळत नव्हतं. मूळ लिखाण सापडत नव्हतं, तयार प्रोग्रॅम तेवढा वाचला होता. भूषणला तोच हवा होता. नानांच्या हाताची केळी म्हणून व्यापारी अजून माल उचलत.

तहरीम ज्या कंपनीसाठी घरून काम करी, तिचं कामच हे होतं. एका जातीच्या मशीनसाठी बनलेला प्रोग्रॅम दुसऱ्या जातीच्या मशीनवर चालवायचा. त्यासाठी दोघांच्या मधे एक थर असतो. तो दुभाष्यासारखा वागतो. त्यातला सिग्नलांचा भाग तहरीमकडे होता. चालू प्रोग्रॅमला मध्येच थांबवून काही सांगायचं असलं, की मशीन त्याला सिग्नल पाठवतं. प्रत्येक सिग्नलला एक नंबर. नानांच्या मशीनवर ज्या खुणेला सोळा म्हणत, तिला नव्या मशीनवर दहा म्हणतात. दहा आला की थराने तो सोळा म्हणून पोचवायचा, प्रोग्रॅम कुठवर आला होता ते जपून ठेवायचं, त्याला सिग्नलसाठी ठरलेल्या कामाकडे न्यायचं आणि ते काम झालं की बरोबर त्याच जागी परत आणून सोडायचं. आपण परक्या घरात आहोत हे प्रोग्रॅमला कळतासुद्धा कामा नये. अशा थरासह तो वखारीतल्या नव्या मशीनवर नुकताच सुरू झाला होता; तहरीमकडे होती ती तपासणीची प्रत.

सिग्नल कोणी पाठवला याची खूण त्याच्यासोबत येते. तहरीमने ती उघडून पाहिली. पाठवणाऱ्याच्या जागी शून्य होतं. म्हणजे पाठवणारा या मशीनवर चालणाऱ्यांपैकी कोणी नव्हता.

तिने घरचं मशीन बंद केलं. खोलीचं दार लोटलेलं होतं, ते उघडून ठेवलं आणि मग खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती यावलला पोचली. भूषण स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभा होता. वाटेत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, पाणी दिलेली काळी जमीन. वखारीशी आल्यावर तो म्हणाला, "कालपासून तीनदा वाजली. बायका आत जायला तयार नाहीत."

"तीन नंबरात माल आहे?"

"ती खोली बंदच असते. मी मोठा झालो तशी बंदच बघतोय. नाना म्हणायचे, तिची मशिनरी खराब आहे."

दार खरंच कुलूपबंद होतं. कडांना लावलेली रबराची पट्टी वाळून तडकली होती. पुना नावाचा जुना कामगार किल्ली घेऊन आला. नानांच्या वेळेपासून तो इथेच होता. कुलूप काढून त्याने दार ओढलं आणि स्वतः बाजूला सरकला.

आत काही नव्हतं. कोरडी फरशी, रिकाम्या भिंती. दाराजवळ, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक लाल बटण होतं.

"एवढं खाली का?" तहरीमने विचारलं.

भूषणने खांदे उडवले. "सगळ्या खोल्यांत तसंच आहे. आत कोणी अडकलं तर दाबायचं."

पुना भिंतीकडे बघत म्हणाला, "उभं राहवत नसलं म्हनजे हात तेवढाच पोचतो."

तहरीम खोलीच्या मागच्या बाजूला गेली. बटणाची वायर भिंतीतून बाहेर येत होती आणि तिथेच तुटलेली होती. पकडीने कापलेली, टोकं हिरवी पडलेली. तिने ते टोक बोटांत धरलं. दुसऱ्या बाजूला, मशीनकडून आलेली वायर गुंडाळून खिळ्याला अडकवलेली होती. दोन्हींच्या मधे हवा होती.

ती टोक धरून उभी असतानाच घंटी वाजली.

ऑफिसात धावत येऊन तिने पडदा पाहिला. तोच प्रश्न. प्रश्नानंतर प्रोग्रॅम थांबत असे. आतल्या माणसाने बटण पुन्हा दाबलं तर खाली त्याचं उत्तर उमटावं, एवढ्यासाठी. खोली तीनचं दार उघडं होतं, आत कोणी नव्हतं, हे तिघांनी नुकतंच पाहिलं होतं. तिच्या डोळ्यांसमोर प्रश्नाखाली दुसरी ओळ आली.

शे.

आहे. भूषण तिच्या मागे उभा होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता.

घंटीचा आवाज घरापर्यंत गेला असावा. वखारीला लागूनच घर होतं. भूषणची आई कोकिळाअक्का आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलंच नाही. आधी उघड्या दाराकडे पाहिलं.

"कुंदा शे का?" त्यांनी पुनाला विचारलं. चहा झाला का असं विचारावं तितक्या सहज.

पुनाने उघड्या दाराकडे पाहिलं.

भूषणने विचारलं, "कोण कुंदा?"

अक्का पायरीवर बसल्या. कुंदाबाई पिंपळनेरकडची. हंगामाला कामावर यायची आणि अक्कांच्याच स्वयंपाकघरात जेवायची. भूषण तेव्हा पाळण्यात होता, त्याला झोपवायचीही तीच. एक दिवस ती खोली तीनमध्ये क्रेट आणायला गेली. बाहेरून कोणीतरी दार लावून घेतलं, आत माणूस आहे हे न बघता. केळीने सोडलेली हवा भरलेली होती. दुपारी शोधाशोध झाली तेव्हा ती दाराशीच सापडली.

"दार आतून उघडत नव्हतं," अक्का म्हणाल्या. "ती ठोकत असंल. पंख्यांच्या आवाजात कोनाले ऐकू येतं?"

त्यानंतर नानांनी प्रत्येक खोलीत जमिनीलगत बटण बसवलं आणि प्रोग्रॅमला तो प्रश्न शिकवला. बटण दाबलं की घंटी वाजे आणि प्रोग्रॅम विचारी, आत कोण आहे. पहिले काही महिने घंटी वाजली नाही. मग खोली तीनमधून वाजायला लागली. नाना धावत जाऊन दार उघडत. आत कोणी नसे. दार लावलं की पुन्हा वाजे. त्यांनी वायर बदलली, मग पुनाकडून कापून टाकली. तरी वाजतच राहिली. जेवण सोडून ते त्या दाराशी बसून राहत.

"मग?" भूषणने विचारलं.

"मंग एक दिवस थांबली. ते म्हने, आता नई वाजनार. काय केलं, ते माले सांगितलं नई."

काय केलं होतं, ते तहरीमला संध्याकाळच्या आत सापडलं. प्रोग्रॅम सुरू होताना मशीनला दोन गोष्टी सांगत होता. आधी सांगे, सोळा आला की मला या कामाकडे ने, तिथे मी प्रश्न विचारीन. आणि लगेच त्याच्याखाली, सोळा आला तरी मला सांगू नको. ही दुसरी सूचना जुन्या, फार कमी वापरल्या जाणाऱ्या पद्धतीने दिलेली होती. तहरीमच्या थराने पहिल्या सूचनेतला नंबर बरोबर बदलला होता. दुसरीतला बदलायचा राहिला होता. त्यामुळे नव्या मशीनने स्वतःच्या सोळाकडे दुर्लक्ष केलं, ज्याचा इथे काहीच उपयोग नव्हता, आणि खरा सिग्नल सरळ आत पोचू दिला. नानांनी बुजवलेला कान तिच्या चुकीने उघडला होता.

तिने हे भूषणला समजावून सांगितलं. तो खुर्चीत सैल होऊन बसला.

"म्हणजे दुरुस्त होईल."

"होईल. एका ओळीचं काम आहे."

"मग करा ना."

तहरीमने लगेच हात लावला नाही. ती पडद्याकडे बघत होती. "भूषणभाऊ, सिग्नल एकच आहे. सगळ्या खोल्यांना मिळून एकच. कोणत्या खोलीचा, ते तो आत पोचल्यावरच कळतं. नानांनी तीन नंबरचा वेगळा बंद केला नाही, तसा करताच येत नव्हता. त्यांनी सगळाच बंद केला."

त्याला कळायला थोडा वेळ लागला.

"एक नंबरातलं बटण दाबलं असतं तर?"

"काही झालं नसतं. कोणाचंही दाबलं असतं तरी. इतकी वर्षं."

दारात पुना उभा होता. त्याने डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. इतकी वर्षं तो रोज त्या खोल्यांत जात होता. आत जाताना बटणाकडे एकदा बघून घ्यायची त्याला सवय होती.

भूषण उठून बाहेर गेला, परत आला. "पण हे असं वाजत राहिलं तर कामाला कोण येणार? मला वखार चालवायचीय."

"वाजू द्या," पुना म्हणाला.

"पुनाभाऊ, तुम्हीच आत जायला घाबरताय."

"घाबरतो. तरी वाजू द्या."

अक्का पायरीवर बसून सगळं ऐकत होत्या. त्या तहरीमकडे वळल्या. "पोरी, तुले सांगते. त्यास्नी तिना करता बठ्ठास्ना कान बुजी टाका. माले तवा कळतं तर मी करू देती नई." तिच्या एकटीसाठी सगळ्यांचाच कान बुजवला, असं त्या म्हणत होत्या. मग भूषणला म्हणाल्या, "त्या खोलीले दार कशाले पाहिजे? दार काढी टाक."

तहरीमने थरातली चूक दुरुस्त केली. तो थर इतर अनेकांकडे चालत होता आणि चूक ती चूकच. पण नानांच्या प्रोग्रॅमसाठी तिने वेगळी सोय केली. 'सांगू नको' ही त्यांची सूचना थर ऐकून घेईल, पण पाळणार नाही. दुभाष्याने असं करायचं नसतं. एका माणसाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत जसंच्या तसं पोचवायचं, एवढंच त्याचं काम. हे करताना तिला नानांचा चेहरा आठवायचा प्रयत्न करावासा वाटला, पण तिने त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. कंपनीला तिने खरं कारण कळवलं, बटणाचं. शून्याबद्दल काही लिहिलं नाही.

त्याच आठवड्यात भूषणने खोली तीनचं दार काढलं आणि समोरची भिंतही पाडली. बायका तिथे सावलीला बसून भाकरी खाऊ लागल्या. घंटी अधूनमधून वाजत राहिली. वाजली की सगळ्यांनी हातातलं काम ठेवायचं आणि प्रत्येक खोलीचं दार उघडून बघायचं, असा नियम भूषणने केला. सुरुवातीला कुरकुर झाली. दोन बायका काम सोडून गेल्या. बाकीच्यांना सवय झाली.

उन्हाळ्यात, हंगाम जोरात असताना, एका दुपारी भूषणचा फोन आला. आवाज बसलेला होता. हिलाल नावाचा कामगार खोली एकमध्ये अडकला होता. क्रेटची थप्पी कलून दारावर पडली आणि दार आतून उघडेना. पुना आणि इतरांनी ते ओढून काढलं. हिलाल फरशीवर पडलेला होता, हात बटणाशी. दवाखान्यात नेलं, आता शुद्धीवर होता.

"डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर गेला असता," भूषण म्हणाला. "बटणामुळे वाचला, मॅडम."

तहरीमने घरूनच यावलच्या मशीनमधली त्या दिवसाची नोंद उघडली. हिलालने दाबलेल्या बटणाचा सिग्नल तिथे होता. खोली एक, पाठवणाऱ्याचा क्रमांक नेहमीचा, बटणांवर लक्ष ठेवणाऱ्या भागाचा. सगळं जसं असायला हवं तसं. पण त्याच्या वर, काही मिनिटं आधीची आणखी एक ओळ होती. खोली तीन. पाठवणारा शून्य.

तिने भूषणला विचारलं, "तुम्ही दार उघडायला कधी धावलात?"

"घंटी वाजली तेव्हाच. बायका जेवत होत्या, त्या उठल्या, आम्ही सगळे दारं उघडायला लागलो. एक नंबराचं उघडेना, म्हणून जोर लावला. आम्ही ओढत होतो, तेवढ्यात घंटी पुन्हा वाजली."

म्हणजे हिलालने बटण दाबलं, तेव्हा माणसं दाराशी पोचलेली होती.

तहरीमने हे भूषणला सांगितलं नाही. त्या महिन्यात ती यावलला गेली तेव्हा अक्कांना सांगितलं, घरामागच्या ओट्यावर, दोघीच असताना. अक्का मेथी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"कुंदाले हिलाल माहीत नव्हता," त्या म्हणाल्या. "तो तवा जनमला बी नव्हता."

तहरीमही मेथी निवडू लागली. वखारीकडून पंख्यांचा एकसुरी आवाज येत होता, आणि त्या आवाजाखाली आणखी काही आहे का, हे दोघीही न बोलता ऐकत होत्या.

हिलाल बरा होऊन कामावर परत आला, पण खोल्यांमध्ये तो आता जात नाही. भूषणने त्याला ऑफिसात, पडद्यासमोर बसवलं आहे. घंटी वाजली की तो सगळ्यांच्या आधी उठतो.