कमळाकरशेठच्या नावाने रॉक

सत्त्याऐंशी साली सुधीरच्या सानपाड्यातल्या नव्याकोऱ्या फ्लॅटचं छत गळू लागलं, तेव्हा त्याचं डोकंच सटकलं. त्याने रॉकचं गाणं बांधलं: इलेक्ट्रिक गिटार, पत्र्याचं पिंप, कुकरची शिट्टी आणि कडव्याकडव्याला बिल्डर कमळाकरशेठला शिव्या. गणेशोत्सवात, शेठ पहिल्याच रांगेत बसलेला असताना, तो घसा फाटेस्तोवर ओरडला आणि आता राडा होणार म्हणून छाती काढून उभा राहिला.

उठल्या त्या शेठच्या आई, गोजराबाई. "पोरा, माझे नातीचे हलदीला ये. आमच्या बाया व्याह्याला अशाच शिव्या गातान. फकस्त कमळाकरचं नाव काढ, व्याह्याचं घाल."

शेठने खूश होऊन लगेच तारीख सांगितली.

"आनि जरा दम लावून गा," म्हातारी म्हणाली, "आमच्या बाया याच्यापेक्षा वाईट बोलतान."