ताईचं लिव्हर आणि अकरा दिवसांची सभ्यता

महामायाताईनं आपलं अर्ध्याहून जास्त लिव्हर धाकट्या भावाला, धम्मरत्नला दिलं, त्याला वर्ष होत आलं. मालकी हक्क मात्र तिनं सोडला नव्हता. डोणगावातल्या आपल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानातून त्यानं समोरच्या भज्यांकडे नुसतं पाहिलं, तरी तिचा फोन यायचा.

"माह्यं लिव्हर हाय ते. नीट वागव."

"देल्ली वस्तू मोजू नाही, ताई."

दोघांचं हे लहानपणापासून रोजचं. तेव्हा फक्त लिव्हरऐवजी कंपास असायचा.

मग एका तपासणीत रक्तातले लिव्हरचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टर सुचिता मॅडमनी आणखी रक्त काढून घेतलं. "शरीर नव्या लिव्हरशी भांडू लागलं की लिव्हरच्या पेशी फुटतात आणि ताईंचा डीएनए तुमच्या रक्तात वाढतो. तो मोजू. जास्त निघाला तर सुईनं लिव्हरचा तुकडा काढून तपासावा लागेल."

रिपोर्टला अकरा दिवस.

धम्मरत्नला सुईचं भय नव्हतं. ताईनं एवढी वस्तू दिली आणि आपल्या अंगानं ती नाकारली, तर तोंड काय दाखवायचं? परतीच्या एसटीत तो म्हणाला, "ताई, आपण भांडतो ते आत ऐकू जात असन काय?"

ताई अंगणवाडी चालवते, विज्ञान मानते. तरी मेहकर येईपर्यंत ती विचार करत राहिली. मग म्हणाली, "रिक्स कायले घ्या? बंद."

दोघांच्या घरात सभ्यता सुरू झाली.

"खिचडी छान झाली, ताई."

"तुमच्यासाठीच केली."

तुमच्यासाठी! धम्मरत्नला घाम फुटला. तिसऱ्या दिवशी शेजारचे कडूबा हळूच विचारून गेले, कोणी गेलं काय. सातव्या दिवशी त्यांनी न विचारताच वीस खुर्च्या आणून ठेवल्या.

अकराव्या दिवशी मॅडमचा फोन आला. ताईनं स्पीकर लावला.

"दीड टक्का. फारच कमी. लिव्हर मजेत आहे, सुईची गरज नाही. पण आधी वाढलेले ते आकडे स्नायू ताणल्यावरही वाढतात. तपासणीआधी काही जड उचललंत?"

"नाही. म्हंजे, एक मोटर. पाच एचपीची. भरन चाळीसेक किलो."

ताईनं फोन खुर्चीवर ठेवला.

"गाढवा!" ताई कडाडली. "तुले पाच किलोच्या वर उचलाले मनाई हाय ना बे? तुह्या बापाचं हाय काय ते लिव्हर?"

"हाव! आपला बाप एकच हाय!"

ताईनं आवाज आणखी वाढवला.

"हॅलो? सगळं ठीक आहे ना तिकडे?" मॅडम घाबरल्या.

"एकदम झकास, मॅडम!" धम्मरत्न ओरडला. ओरडल्याशिवाय आता ऐकू जाण्यासारखं नव्हतंच.