माउस धाकटीच्या हातात

आमचा जुना डेस्कटॉप मंगळवारी भरदुपारी बंद पडला. एका गिऱ्हाइकाच्या लग्नाचा व्हिडिओ आम्ही कापून जोडत होतो, नवरी गाडीत पाय ठेवत होती आणि पडदा काळाठिक्कर. धाकटी म्हणाली, "गेला." मी म्हटलं, "जाऊ दे मेला! नवा आणू." मला वाटलं, एवढीच काय ती गोष्ट.

बुधवारी आम्ही दोघी बहिणी दुकानात गेलो. दुकानदाराने विचारलं, "व्हिडिओ एडिटिंगला ना? काम एका जागी बसून करता की फिरतीवर?"

"एका जागी," मी म्हणाले.

"फिरतीवर," धाकटी म्हणाली. एकाच वेळी.

मी तिच्याकडे पाहिलं, तर ती फरशीकडे बघत होती. "ताई, मला एका चॅनेलवाल्यांनी बोलावलंय. प्रवासाचे व्हिडिओ. वर्षभर त्यांच्याबरोबर हिंडायचं. अजून हो म्हटलं नाहीये."

माझ्या मस्तकात तिडीक गेली. "आणि हे मला दुकानात सांगतेस?"

"घरी तोंड उघडलं की तू दुसरंच काहीतरी काढतेस."

खरं होतं ते, पण तेव्हा मी कबूल करते कशाला! लॅपटॉप तापतो, पडदा इवलासा, एक भाग बिघडला की सगळाच बसतो, असा मी पाढाच वाचला. दुकानदारही म्हणाला, "ताईंचं बरोबर आहे. त्याच किमतीत डेस्कटॉप जास्त ताकदीचा येतो." मला तो देवमाणूस वाटला.

खरं सांगू? माझ्या डोळ्यांपुढे आमची मागची खोली होती. सोळा वर्षं एकाच बाकावर दोघी चिकटून. माउस धाकटीच्या हातात, नजर माझी. मी "ठेव" म्हटलं की ती ठेवायची, "काप" म्हटलं की कापायची. एकदा एका लग्नात नवरदेवाचे काका जेवताना दिसले. मी म्हटलं, "काप गं बाई, किती खातोय हा!" तर हिने काकांना अख्ख्या लग्नातूनच काढून टाकलं. काका व्हिडिओ बघायला आले आणि दोन तास स्वतःलाच शोधत बसले. ते गेल्यावर आमची हसून हसून मुरकुंडी वळली. उन्हाळ्यात मशीन तापलं की झाकण काढून टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचो आणि आम्ही घामाघूम. किती सुखाचे दिवस होते ते!

दुकानदाराने एक डेस्कटॉप सुरू करून माउस माझ्यापुढे सरकवला. "बघा चालवून."

सोळा वर्षांत मी तो एकदाही हातात घेतला नव्हता. पडद्यावरचा बाण कुठे पळाला, मलाच दिसेना. धाकटी बघत होती. हळूच म्हणाली, "राहू दे, ताई. डेस्कटॉपच घेऊ. मी त्यांना नाही म्हणून कळवते."

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पण लाज वाटली. मी हिला इतकी वर्षं शेजारी बसवून ठेवलं होतं आणि वर त्याला माया समजत होते.

"लॅपटॉप दाखवा," मी दुकानदाराला म्हणाले. "चांगल्या ताकदीचा, पण हलका. हिची पाठ दुखते."

"मग तू काय करशील?"

"शिकेन. मला काय हात नाहीत?"

"तुला नाही गं जमणार, ताई." तिचे डोळे भरून आले होते.

"नाही तर नाही! तू जा."

बिलावर नाव कुणाचं, दुकानदाराने विचारलं. मी तिचं सांगितलं. तिने माझा दंड घट्ट धरला होता. तो सोडवून घेणं मला फार जड गेलं.